मातृवंदनेचे पैसे अडकतात ते बँकेत : एका आशाचा अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला मी आशा म्हणून काम करते. शहरात एका आशाकडे साधारण 1000 ते 2500 वस्ती असते. गरोदर बाईची नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड, लसींच्या तारखा, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळ बघणं, या कामांचं एक वळण पडलेलं आहे. डोकं फिरतं ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या पैशांपायी. "ताई, बाजूवालीचे आले, माझे का नाही?" हा प्रश्न बँकेला कोणी विचारत नाही, तो आमच्याच दारात येतो.

योजना सोपी आहे. पहिल्या बाळासाठी 5000 रुपये. शेवटच्या पाळीपासून 6 महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली की 3000, बाळाची जन्मनोंदणी आणि 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 एकदम. दुसरं बाळ मुलगा असेल तर काही नाही. पात्रतेसाठी दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा 8 लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला यातलं एखादं चालतं. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, तरी निम्मी घरं त्याच्यासाठीच थांबून राहतात.

फॉर्म वर जातो, मंजूर होतो, आणि पैसे पडत नाहीत. बाई पासबुक घेऊन बँकेत जाते. काउंटरवरचा माणूस संगणकात बघून सांगतो, "आधार लिंक आहे, आमच्याकडून काही नाही." झालं, बाई परत माझ्याकडे. तो खोटं बोलत नसतो, पण अर्धंच बघतो. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार खात्याला जोडणं वेगळं आणि सरकारी पैशांसाठी जोडणं वेगळं. हे पैसे पासबुकावरच्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर सोडले जातात. तो आधार कुठल्या बँकेकडे वळवायचा याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे असते. एका आधाराला एकच बँक, आणि शेवटची संमती जिथे दिली तीच धरली जाते. त्या बँकेत तुमची दोन खाती असतील तर कुठल्या खात्यात टाकायचे हे बँक बघते.

त्यामुळे पुष्कळदा पैसे आलेले असतात, फक्त भलत्याच खात्यात. लाडकी बहीणच्या वेळी कितीतरी बायकांनी घाईघाईने पोस्टाच्या बँकेत खातं काढलं आणि आधार तिकडे वळलं. आता त्या जुन्या बँकेचं पासबुक भरून आणतात आणि आमच्यावर चिडतात. ज्या खात्यात लाडकी बहीणचे पैसे येतात, आधी तिथे बघा.

तिथेही नसतील तर माय आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव दिसेल आणि जोडणी चालू की बंद तेही. ओटीपी आधारला दिलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर माहेरच्या भावाचा असेल किंवा सिम बंद पडलं असेल तर पहिलं काम आधार केंद्रात जाऊन नंबर बदलण्याचं. जोडणी बंद दिसली तर शाखेत "आधार लिंक करा" म्हणू नका. "डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या" असंच म्हणा. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, सीडिंग म्हणजे त्यासाठीची आधारची जोडणी. आधी दुसरी बँक जोडलेली असेल तर तिचं नाव अर्जात लिहा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, नाहीतर अर्ज ड्रॉवरमध्येच राहतो. काही दिवसांनी स्टेटस स्वतः तपासा. "झालंय" या शब्दावर मी आता विश्वास ठेवत नाही. पतीबरोबरचं जोडखातं मात्र यासाठी देऊच नका.

नावाचं राहिलंच. आधारवर माहेरचं नाव, माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचं, असा घोळ घरोघरी आहे. फॉर्मवर नाव आधारप्रमाणेच, अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं. आणि फॉर्म वर गेलेला असताना मध्येच आधारवरचं नाव बदलायला जाऊ नका. लग्नानंतरचा बदल नोंदणीआधी उरका, नाहीतर पैसे येऊ द्या, मग करा.

खाजगी डॉक्टरकडे तपासणी चालू असली तरी आरोग्य केंद्रात लवकर नोंद करा, 12 आठवड्यांच्या आत झाली तर उत्तम. सोनोग्राफीच्या फाइलने योजनेचं काम होत नाही, माता-बाल संरक्षण कार्ड लागतं.

बाळंतपणाला सातारा, जळगावकडे जाणाऱ्यांनी कार्ड बरोबर न्यायचं. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसी तिकडे दिल्या तर त्याच कार्डावर तारखेसह नोंद करून घ्या. जन्मदाखला जिथे बाळ जन्मलं तिथलाच मिळतो. ठाण्याला परत आल्यावर महापालिकेत विचारून उपयोग नाही. दुसरं बाळ मुलगी असेल तर अर्ज जन्मापासून 270 दिवसांत व्हायला हवा, आणि माहेरी राहण्यात त्यातले बरेच दिवस जातात. तक्रारीसाठी योजनेचा क्रमांक 14408 आहे. फोन करताना आधार आणि पोच हाताशी ठेवा.