पाडव्याच्या तोंडावर आमची साइट गूगलच्या निकालांत खाली गेली: माझा अनुभव

रविवार पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आता बाबा आणि दादा बघतात. वेबसाइट माझ्याकडे. लग्न होऊन कोथरूडला आले तरी ते काम मी सोडलं नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये, पंधरा तारखेच्या आसपास, बाबांचा फोन आला. "पाडवा तीन आठवड्यांवर आलाय आणि विचारणाच नाही. साइट बंद पडलीय का गं?" साइट नीट चालत होती. गुढीवर पालथा घालायचा तांब्या किंवा गडू घ्यायला पाडव्याआधी आमच्याकडे रोज दहा-बारा फोन येतात, त्यातले निम्मे तरी साइटवरून नंबर घेऊन. त्या अख्ख्या आठवड्यात दोन आले होते.

मी लगेच मोबाइलवर 'पितळेचा तांब्या पुणे' शोधलं. वरच्या तिघांत असणारी आमची साइट तिसऱ्या पानावर सापडली. हातपाय गार पडले. असं स्वतः शोधून बघण्यावर फार विसंबू नये हे मला नंतर कळलं. तुम्ही कुठून शोधता, आधी काय शोधलंय, यावर निकाल थोडेफार बदलतात. खरा हिशोब गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये असतो: किती जणांना दिसलात, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतात. हे सगळं फुकट मिळतं, मागच्या १६ महिन्यांचं. मी मात्र ते सहा-सात महिने उघडलंच नव्हतं.

उघडलं, आणि पहिल्याच तुलनेत फसले. तिथे मागच्या वर्षीच्या त्याच तारखा शेजारी ठेवायची सोय आहे. तशी तुलना केल्यावर क्लिक पावच राहिलेत असं दिसलं. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कालनिर्णय बघताना लक्षात आलं, की २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता आणि २०२४ चा ९ एप्रिलला. म्हणजे मी मागच्या वर्षीचा ऐन गर्दीचा आठवडा यंदाच्या शांत आठवड्यासमोर ठेवला होता. मग दोन्ही वर्षांचे पाडव्याआधीच्या चौथ्या आठवड्यातले दिवस समोरासमोर लावले. घट खरी होती, पण क्लिक निम्म्याच्या थोडे खाली होते, पाव नव्हे. ज्यांचा धंदा सणावारावर चालतो त्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तिथीला तिथी लावून बघा. धनत्रयोदशीचंही तेच, २०२३ मध्ये ती १० नोव्हेंबरला होती आणि २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला. त्याच दिवशी मी सगळे आकडे एका शीटमध्ये उतरवून ठेवले, कारण १६ महिन्यांपलीकडचं सर्च कन्सोल दाखवत नाही.

माझी मावसबहीण हिंजवडीत नोकरी करते, वेबसाइटचंच काम. तिने पहिला प्रश्न विचारला, "एकटी तूच पडलीयेस की सगळेच हललेत?" गूगलने ५ मार्चला कोअर अपडेट सुरू केलं होतं. वर्षातून काही वेळा गूगल निकाल लावायची आपली सगळी पद्धतच नव्याने जुळवतं, त्याला कोअर अपडेट म्हणतात. कुणा एका साइटवर ते रोखलेलं नसतं. त्या वेळी सोबत स्पॅमविरुद्धचे, म्हणजे गूगलला फसवून वर येण्याविरुद्धचे, नवे नियमही आले होते. त्यातला एक होता फक्त रँकिंगसाठी, म्हणजे निकालात वरचा क्रमांक मिळावा म्हणून, घाऊक पानं पाडण्याविरुद्धचा. तो वाचताना पोटात खड्डा पडला.

कारण त्याआधीच्या दिवाळीनंतर मी एका एजन्सीला काम दिलं होतं. घरी सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं, मला वेळ नव्हता. एजन्सीने तीन महिन्यांत साइटवर दीडशे पानं चढवली. 'तांब्याची भांडी सातारा', 'तांब्याची भांडी नाशिक', 'तांब्याची भांडी लातूर', मजकूर तोच आणि गाव बदललेलं. शिवाय तांब्याच्या पाण्याने कुठकुठले आजार बरे होतात यावर वीसेक लेख. मी एकही पान धड वाचलं नव्हतं. महिन्याच्या अहवालात आकडे चढते दिसत होते, मी पैसे देत होते.

"अपडेट संपेपर्यंत साइटवर काही तोडफोड करू नकोस," बहीण म्हणाली. ते अपडेट ४५ दिवस चाललं, १९ एप्रिलपर्यंत. मध्ये पाडवा येऊन गेला. दादाने मागवून ठेवलेले गडू माळ्यावर गेले. ते दिवस फार वाईट गेले.

थांबायला सांगितलं तरी तांत्रिक तपासणी थांबवायची नसते, ती मी केली. गूगलने साइटवरचं काय वाचावं, काय नाही हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये अख्खी साइट अडवणारी एखादी ओळ शिरली आहे का, कुठल्या पानावर चुकून 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान निकालांत दाखवू नका' अशी खूण, लागलंय का, सगळं पाहिलं, सगळं ठीक होतं. गूगलच्या माणसांनी साइट तपासून कारवाई केली, तर तिला मॅन्युअल ॲक्शन म्हणतात; सर्च कन्सोलच्या त्या भागातही काही नव्हतं. मी गूगलला पाठवायला फेरविचाराचा अर्ज लिहून ठेवला होता, पण तो अर्ज फक्त मॅन्युअल ॲक्शन लागली असेल तरच करता येतो. आमच्यावर ती लागलीच नव्हती, त्यामुळे दाद मागायला दारच नव्हतं.

याच काळात 'पंधरा दिवसांत पहिला नंबर, गॅरंटीने' सांगणारे फोन यायला लागले. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय, पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. जुन्या एजन्सीने पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंक, विकत घ्यायचा सल्ला दिला. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं हाच नियमभंग आहे, हे मी तोवर वाचलं होतं. काम बंद करायला सांगितलं.

अपडेट संपल्यावर निदान पूर्ण आठवडा जाऊ द्यावा आणि मग सुरू होण्याआधीचा आठवडा त्याच्याशी ताडून पाहावा, असं गूगल सांगतं. तसं एप्रिलच्या शेवटी केलं, आणि या वेळी एकेक पान वेगळं काढून बघितलं. मला वाटतं, अख्ख्या साइटचा आलेख बघत बसण्यातच बहुतेकांचा वेळ जातो. दुसऱ्यावरून चौथ्यावर घसरलेल्या पानाला हात लावायची गरज नसते, चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलेलं पान मात्र बसून वाचायला हवं. गावांची पानं तर गायबच झाली होती. आमची जुनी, चांगली विकणारी भांड्यांची पानंही तिसऱ्याची बाविसाव्यावर गेली होती. आणि एक पान तसूभरही हललं नव्हतं. आधी दुसरं, नंतरही दुसरं. 'कल्हई कशी करतात.'

शनिवारी प्रिंट काढून दुकानात गेले. बाबांनी चष्मा लावला, सातारचं पान वाचलं. "सातारकरांसाठी खास? आपलं साताऱ्यात दुकान कुठंय?" मग आजारांवरचा एक लेख वाचला आणि कागद गल्ल्यावर पालथा ठेवला. "हे मी गिऱ्हाइकासमोर उभं राहून बोलेन का कधी?" मी काही बोलले नाही. मग कल्हईचं पान हातात दिलं. ते २०१९ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं आणि मी टाइप केलं होतं. भांडं आधी स्वच्छ करून भट्टीवर चांगलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची, हात थांबला की तिथे डाग राहतो. ते ओठ हलवत सगळं वाचून गेले आणि म्हणाले, "बोळा कोरडा हवा, ते राहिलंय. लिही."

त्याच संध्याकाळी ठरलं. पानं काढून टाकणं हा शेवटचा उपाय समजावा असं गूगल म्हणतं, पण ही पानं माणसांसाठी लिहिलेलीच नव्हती. आमचा साइटवाला म्हणाला, दीडशेच्या दीडशे मुखपृष्ठाकडे वळवू. मी अडवलं. विषयाशी संबंध नसलेलं असं सरसकट वळवणं गूगल 'पान सापडलं नाही' असंच धरतं, आणि येणाऱ्या माणसाला विचारलेलं मिळत नाही ते वेगळंच. चार पानांत थोडं कामाचं होतं, ते आमच्या मूळ पानांत मिसळून तेवढीच कायमच्या रीडायरेक्टने, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणाऱ्या सोयीने, जोडली. असा रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवायचा असतो. बाकीची सरळ काढली आणि साइटमॅपमधूनही, म्हणजे गूगलला दिलेल्या पानांच्या यादीतूनही, वगळली.

खरं काम त्यानंतरचं. मेपासून दर शनिवारी मी गल्ल्याजवळ वही घेऊन बसायला लागले. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. शनिवार पेठेतल्या एक आजी पितळेचं पातेलं पिशवीतून घेऊन आल्या. "काल ताक ठेवलं यात, सकाळी कळकलं बघा." बाबांनी पातेलं उजेडाकडे तिरकं धरलं आणि तळाशी, रुपयाएवढ्या जागेत, कथील उडून पितळ पिवळं उघडं पडलेलं त्यांना दाखवलं. मी वहीत लिहिलं: कळकलं.

घरी येऊन सर्च कन्सोलच्या यादीत तो शब्द शोधला. होता! पितळेच्या भांड्यात ताक, आमटी कळकते, कळकू नये म्हणून काय करावं, देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही, लोक कितीतरी तऱ्हांनी शोधत होते. आमची साइट तिथे तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर दिसत होती, कारण त्यावर आमचं पानच नव्हतं. एजन्सीच्या कीवर्डच्या, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांच्या, लांबलचक तक्त्यात हा शब्द एकदाही आला नव्हता. कसा येणार? तो तक्ता इंग्रजी शब्दांचं भाषांतर होता.

मग 'ताक पितळेच्या भांड्यात का कळकतं' हे पान लिहिलं. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की त्यातलं तांबं पदार्थात उतरतं, चव बिघडते, हिरवट छटा येते, म्हणून मध्ये कथलाचा थर हवा. त्या पातेल्याचा फोटो मी आजींना विचारून तिथेच काढून ठेवला होता, तोच लावला. पाणी ठेवायच्या तांब्याच्या भांड्याला मात्र आम्ही आतून कल्हई करत नाही, हेही लिहिलं, कारण वहीत तो प्रश्न सात वेळा आला होता.

भांड्यांच्या पानांचा दोष वेगळा होता. फोटो कॅटलॉगमधले, दहा दुकानांच्या साइटवर तेच. मी सगळे पुन्हा काढले, दादाच्या हातात भांडं धरून, म्हणजे आकार कळतो. प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये आणि पाणी किती मावतं ते मोजून लिहिलं. कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन मठारकामाचे फोटो घेतले. हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्यावर उमटणारे ते गोल, जवळून पाहिले की हाताच्या ठोक्यातला आणि मशीनच्या ठशातला फरक कळतो, तो शेजारी-शेजारी दाखवला. या एका पानाला तीन शनिवार गेले. जुनी दरपत्रकं डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. ती आम्हाला मराठी दिसायची, पण मजकूर कॉपी केला की अगम्य रोमन अक्षरं यायची, आणि गूगल तीच वाचत होतं. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. फोटो हलके केल्यावर मोबाइलवर पान अडीच सेकंदांच्या आत उघडायला लागलं. त्याने क्रमांक बदलला असं मी म्हणणार नाही, पण पान सोडून जाणारे कमी झाले.

जून कोरडा गेला, जुलैही. बाबा दर रविवारी विचारायचे, मी 'नाही अजून' म्हणायचे. केलेल्या सुधारणा काही वेळा पुढचं कोअर अपडेट येईपर्यंत दिसत नाहीत, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि दर सोमवारी तोच सपाट आलेख बघणं वेगळं. पुढचं अपडेट १५ ऑगस्टला सुरू झालं, ३ सप्टेंबरला संपलं. गणपतीच्या आठवड्यात गडूचं पान बाविसाव्यावरून अकराव्यावर आलेलं दिसलं. धनत्रयोदशीला, तिथी लावून, मागच्या वर्षीच्या सत्तर टक्के क्लिक होते. नोव्हेंबरच्या अपडेटने फारसं काही हललं नाही. डिसेंबरमध्ये लगेच आणखी एक आलं, त्यानंतर गडू सहाव्यावर.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, आणि १३ मार्चला पुन्हा कोअर अपडेट सुरू! मी आणि दादाने गडू निम्मेच मागवले. ते २७ तारखेला संपलं, गडूचं पान चौथ्यावर टिकलं, आणि २८ ला दुपारी माल संपला. साताऱ्याहून एक जण खास आले होते. कळकलेल्या ताकाचं पान वाचून त्यांनी घरची तीन पातेली कल्हईला आणली होती, आणि जाताना गडू घेऊन गेले.

सगळं परत आलेलं नाही. तांब्याच्या बाटल्यांचं पान अजून दुसऱ्या पानावरच अडकलंय. तिथे मोठ्या कंपन्या आहेत आणि आमच्याकडे सांगण्यासारखं वेगळं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. वहीत सध्या बंबाबद्दल बरेच प्रश्न जमलेत. येत्या शनिवारी तांबट आळीत एका बंबाचा तळ बदलायचाय, फोटो काढायला सकाळी नऊला बोलावलंय.