तुम्ही विचारलंत म्हणून: इंटरनेटलाही लोक हसलेच होते ना?

ब्लॉकचेनच्या (म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या, साखळीसारख्या जोडत जाणाऱ्या नोंदवहीच्या) उपयोगाबद्दल मी शंका काढली की हा प्रश्न हमखास येतो. हसले होते, खरंच. खगोलशास्त्रज्ञ आणि लेखक क्लिफर्ड स्टोल यांनी फेब्रुवारी १९९५मध्ये 'न्यूजवीक' या अमेरिकी साप्ताहिकातून इंटरनेटची टर उडवली. त्याच वर्षी डिसेंबरात, संगणक जोडणाऱ्या इथरनेट तंत्राचे एक जनक बॉब मेटकाफ यांनी १९९६मध्ये इंटरनेट कोसळणार असं भाकीत केलं. ते फसल्यावर त्यांनी १९९७मध्ये भर परिषदेत आपला लेख मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवून खाल्ला. (भाकीतं करणाऱ्यांत इतका प्रामाणिकपणा हल्ली सापडत नाही.)

पण स्टोल यांचा लेख मुळातून वाचा. हा माणूस दोन दशकं नेटवर वावरलेला. त्याच्या तक्रारी काय? ट्रफाल्गरच्या लढाईची तारीख शोधताना ढीगभर फायली आल्या, निवडण्यात पाव तास गेला. पैसे पाठवायची भरवशाची सोय नाही. म्हणजे चांगलं सर्च इंजिन नव्हतं, ऑनलाइन पेमेंट नव्हतं. या उणिवा होत्या आणि त्या भरून निघाल्या. तोवर लोक ईमेल वापरतच होते, १९७१पासून.

ब्लॉकचेनवरचा आक्षेप उणिवांचा नाही, गरजेचा आहे. एकमेकांवर विश्वास नसलेल्यांनी मधे पंच न ठेवता एकच हिशेबाची वही सांभाळायची, ही मूळ कल्पना. बिटकॉइन २००९पासून ते करून दाखवतंय, आणि मला त्याचं कौतुकच आहे. त्यासाठी प्रत्येक व्यवहार हजारो संगणक पुन्हा पुन्हा तपासतात, म्हणून मूळ साखळीवर सेकंदाला जेमतेम ७ व्यवहार बसतात. पंच नकोच असेल, तर हा खर्च रास्त. पण ब्लॉकचेन जमिनीच्या नोंदींसाठी वापरायची म्हटलं आणि तिथे सरकारी कार्यालय आणि कोर्ट राहणारच असेल, तर साधा डेटाबेस काय वाईट? शिवाय नोंदच खोटी असली, तर साखळी तो खोटेपणाच जपून ठेवणार.

मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जहाजी मालवाहतुकीच्या नोंदींसाठी ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेनवरचं व्यासपीठ काढलं, २०१८मध्ये. नोव्हेंबर २०२२मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. कारण दिलं ते हे, की सगळ्या उद्योगाचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही. तंत्रज्ञान आणखी सुधारून हे दुखणं कसं बरं होणार होतं?

चलन ढासळलेल्या देशांत लोक स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेली, ब्लॉकचेनवरची डिजिटल नाणी वापरतात, हा उपयोग मला पटतो. फक्त त्या नाण्यामागे खरे डॉलर आहेत याची हमी एक कंपनी देते, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो.