पणजीतले फेणीचे बार शोधताना

पणजीत नवीन बारमध्ये शिरलो की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फेणी काजूची की माडाची, आणि कुठल्या गावची? बार्टेंडरने बाटली समोर ठेवून वास घेऊ दिला तर आम्ही बसतो. "फेणीला वास फार, व्होडकात करून देतो" असे उत्तर आले तर पुढचा बार गाठतो. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिथे ती आपुलकीने हाताळतात तिथली बाकीची पेयेही बहुधा चांगली निघतात.

सुरुवात फोंतेन्यस या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतून, पायीच करावी. 31 जानेवारी रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्या अर्ध्या तासात फिरून होतात. फेणी-कोकमाच्या 'तांबडे रोझा'साठी ओळखला जाणारा जोसेफ बार इथेच आहे. असे बार एका खोलीएवढे असतात, म्हणून मंगळवार-बुधवार बघून सातच्या सुमारास जावे. शनिवारी रात्री ग्लास हातात घेऊन रस्त्यावर उभे राहावे लागते आणि बार्टेंडरशी बोलणे होत नाही. ते बोलणे हुकले तर निम्मी मजा गेली. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद असते, हेही निघण्याआधी बघून घ्यावे.

मार्च ते मे या काळात गेलात तर आधी हुर्राक मागा. आंबलेल्या काजूच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक. ती साधारण 15 टक्के अल्कोहोलची, तर पुन्हा गाळलेली फेणी 42च्या पुढे. हुर्राक टिकत नाही, महिन्यागणिक तिचा फळाचा वास उतरत जातो. ऑक्टोबरात कोणी 'ताजी हुर्राक' म्हणाले तर घेऊ नये. ग्लासात 60 मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, वर लिम्का. मिरची चेचू नये. बिया सुटल्या की तिखटाशिवाय दुसरी चवच लागत नाही.

फेणीचे गणित वेगळे. तिचा उग्र वास गोडाने झाकायला गेले की पेय औषधासारखे लागते. तिला आंबट हवे. कोकमाचे आम्हाला पटलेले प्रमाण असे: 45 मिली फेणी, 15 मिली आगळ (कोकमाचा घट्ट रस), 10 मिली साखरेचा पाक, 90 मिली थंडगार सोडा. आगळात मीठ असतेच, त्यामुळे ग्लासाच्या कडेला पुन्हा मीठ लावले की पेय खारट होते. बाटलीतल्या गोड कोकम सरबतावर भागवतात तिथे पाक नको म्हणून सांगावे, लिंबू वाढवून घ्यावे. बर्फ मोठ्या तुकड्यांचा असावा. चुऱ्याने पाच मिनिटांत सगळे पाणचट होते.

एका संध्याकाळी दोन बार, फार तर तीन. तिसऱ्यापर्यंत जीभ जड होते, वास वेगळे कळेनासे होतात. प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी आणि सोबत चणे किंवा तळलेली मासळी. गाडी मुक्कामी ठेवून यावे आणि परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी, कारण रात्री अकरानंतर ती लवकर मिळत नाही.