मामांची डिस्क

मामांचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली) मीच घालून दिलं होतं, त्यामुळे मशीन कुरकुरलं की फोन मलाच. या वेळी तक्रार अशी, की लग्नाचे व्हिडिओ उघडताना डिस्क खडखडते आणि चित्र अडकतं. "विंडोजमध्ये डीफ्रॅग मारायचो, तसं मार की काहीतरी," मामा म्हणाले. डीफ्रॅग म्हणजे डिस्कभर विखुरलेले फायलींचे तुकडे सलग लावणं. १ टेराबाइटची फिरती डिस्क, त्यावर अख्ख्या सीझनचं शूटिंग आणि बॅकअप निम्म्याचाच. म्हटलं, "मामा, थांबा जरा. आधी खोट्या डिस्कवर करून बघतो."

डिस्कवर एक्स्ट-४ ही फाइलसिस्टीम होती, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवायची हे सांभाळणारी व्यवस्था. तिचं ई-४-डीफ्रॅग हे हत्यार चालू फाइलसिस्टीमवरच काम करतं. सलग जागेत एक तात्पुरती फाइल तयार करतं, मजकूर तिकडे हलवतं आणि ब्लॉक्सची अदलाबदल करतं. ऐकायला छान. पण दुसऱ्याच्या लग्नावर प्रयोग कोण करणार?

माझ्या लॅपटॉपवर ट्रंकेट या कमांडने २ जीबीची रिकामी फाइल केली, तिच्यात एक्स्ट-४ बनवली आणि लूप डिव्हाइस म्हणून माउंट केली, म्हणजे ती फाइलच डिस्क असल्यासारखी जोडली. बिघडलीच तर एक फाइल उडवायची, बास. रूट म्हणून (सगळे अधिकार असलेल्या खात्यातून) काम करताना खऱ्या डिस्कचं नाव एकदाही टाइप करायचं नाही, एवढा नियम घालून घेतला.

पुढची अडचण गमतीची होती: तुकडे पाडायचे कसे? एक्स्ट-४ मजकूर कुठे ठेवायचा हे शेवटपर्यंत लांबवते, त्यामुळे सहजासहजी विस्कटत नाही. मग ६४ केबीच्या फायलींनी जागा गच्च भरली आणि एकाआड एक पुसून टाकल्या. त्या भोकांत ५०० एमबीचा व्हिडिओ कोंबला. सिंक केल्यावर (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवल्यावर) तुकडे मोजणाऱ्या फाइलफ्रॅगने आकडा दाखवला, सात हजारांवर तुकडे!

ई-४-डीफ्रॅग चालवलं. आकडा ढिम्म हलला नाही. अर्धा तास मी स्वतःच्याच कमांडवर संशय घेत बसलो. मग ट्यूब पेटली: मोकळी जागाच चिंध्या झालेली, तर सलग फाइल बनणार कुठून? हे हत्यार फायली जोडतं, मोकळी जागा गोळा करत नाही. उरलेल्या बारक्या फायली उडवल्या, पुन्हा चालवलं, आणि तुकडे एक आकडी झाले.

व्हिडिओचा चेकसम (मजकूर बदलला की बदलणारा पडताळणीचा आकडा) आधीच काढून ठेवला होता. तो जुळला म्हणून खूश झालो, पण लगेच लक्षात आलं, की कर्नल (प्रणालीचा गाभा) डिस्कवरची न वाचता मेमरीतलीच प्रत देत असेल. म्हणून अनमाउंट, ई-२-एफएससीके या हत्याराने फाइलसिस्टीमची सक्तीची तपासणी, पुन्हा माउंट, पुन्हा चेकसम. जुळला.

सांगलीत लाइट कधीही जाते. त्यामुळे हाच खेळ व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) मांडला आणि डीफ्रॅग चालू असताना तीनदा पॉवर तोडली. तिन्ही वेळा जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) चालून फाइलसिस्टीम उठली, चेकसम तोच. तीनदा म्हणजे काही हमी नव्हे, पण धीर आला. जाता जाता: बीटीआरएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम वापरत असाल तर सांभाळून. तिथे डीफ्रॅगने स्नॅपशॉटशी (आधीच्या स्थितीच्या जपलेल्या प्रतीशी) वाटून घेतलेली जागा वेगळी होते आणि डिस्क भरत जाते. आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असेल तर या भानगडीत पडूच नका.

मग मामांकडे गेलो. आधी ई-४-डीफ्रॅगचा फक्त तपासणारा पर्याय चालवला. तो काही हलवत नाही, नुसता गुण देतो. ३० पर्यंत काळजी नाही, ५५ च्या वर गेला तर डीफ्रॅग हवं. मामांच्या डिस्कचा गुण आला २.

म्हणजे एवढा खटाटोप नको त्या दुखण्यासाठी. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं, तर वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) रांगेत उभे. अशा डिस्कवर गिगाबाइटच्या गिगाबाइट इकडून तिकडे हलवले असते तर काय झालं असतं, याचा मी फार विचार केला नाही. नवी डिस्क आणली, रात्रभर कॉपी लावली. सकाळी दोन फायली अर्ध्यावर अडकलेल्या, एक वरातीची, एक हळदीची.

मामा चहाचा कप धरून म्हणाले, "वरातीचं निभावून नेईन रे. हळदीचं त्या मुलीच्या आईला काय सांगू?" आणि ड्रॉवर उपसून जुनी मेमरी कार्डं टेबलावर ओतली.