तीन लाख गाई आणि मोजणीचा नकाशा

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात, ओवरीत, उषवदाताचा ब्राह्मी लेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा हा जावई. कोणाचा कोण ते सांगून झालं की लगेच बिरुद येतं: तीन लाख गाई देणारा. मग सोळा गावांचं दान, वर्षाला लाख ब्राह्मणांना भोजन, आणि गोवर्धनात त्रिरश्मी डोंगरावर खोदवलेलं हे लेणं. लेणं डोळ्यांसमोर आहे, त्याबद्दल वाद नाही. गाई खरंच तेवढ्या होत्या का, हे कळायला आता कुठलाच मार्ग उरलेला नाही.

तरीही 'त्याने तीन लाख गाई दिल्या' हे विधान सत्य किंवा असत्य, दोहोंपैकी एक आहेच का? मी म्हणतो, आहेच. माझी धाकटी तत्त्वज्ञान शिकते. ती विचारते, "बाबा, हे 'आहेच' कुठून आणलंत?"

तिच्या पाठीशी मायकेल डमेट उभा आहे, ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ. १९५९ साली त्याने सत्यावर एक निबंध लिहिला. त्यात जोन्स नावाचा एक माणूस येतो. आयुष्यात त्याच्यावर संकटाचा प्रसंगच आला नाही आणि तो वारला. तो शूर होता का? पुरावा नाही, मिळणारही नाही. मग त्याच्या आत कुठेतरी शौर्य होतं किंवा नव्हतंच, असं ठामपणे म्हणायचा आधार काय? डमेटचा खरा मुद्दा भाषेचा आहे. वाक्याचा अर्थ आपण शिकतो तो वापरातून, म्हणजे ते केव्हा म्हणणं रास्त आहे हे बघत. जे सत्य कधी ओळखताच येणार नाही, त्याची कल्पना आपण शिकलो तरी कशी?

हा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही, कारण माझ्या कामात त्याचं म्हणणं मी खरं होताना बघितलं आहे. मी भूकरमापक होतो, म्हणजे सरकारी जमीनमोजणी करणारा. दोन लगतधारक बांधावर उभे, एक म्हणतो बांध सरकवलाय, दुसरा म्हणतो आजोबांपासून इथेच आहे. टिपण काढायचं, गुणाकार बुक बघायचं, म्हणजे मोजणीच्या जुन्या नोंदी, जागेवरच्या जुन्या खुणा शोधायच्या. कधी खुणा गेलेल्या, नोंदी एकमेकींशी न जुळणाऱ्या. तेव्हा सगळं तपासून जी रेघ ठरते आणि क प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, उतरते, तीच हद्द. त्या रेघेखाली आणखी एखादी 'खरीखुरी' हद्द दडलेली असते असं मला कधी वाटलं नाही. मातीला रेघ नसते, ती माणसांनी ठरवलेली असते. तिथे डमेट जिंकला.

पण पहिल्या मोजणीत दगड कुठे रोवला होता, ही गोष्ट वेगळी. तो कुठेतरी रोवलाच होता, आज सापडो न सापडो. कोणाला कळो न कळो, सत्य असतंच, हा वास्तववाद; तो हवा की नको हे एकदम सगळ्याला लावून ठरवता येत नाही. गणित, भूतकाळ, दुसऱ्याचं मन, प्रत्येक क्षेत्राचा वाद स्वतंत्र. हे डमेटनेच दाखवलं, आणि त्याचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

भूतकाळाबाबत मात्र मी मागे हटत नाही. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. पाण्याची उंची म्हणजे काय, हे आम्ही असं डोळ्यांनी शिकलो. मग एखाद्या जुन्या काळोख्या रात्री, काठावर कोणी नसताना, पाणी कुठवर चढलं असेल हा प्रश्न कळायला मला नवं काही शिकावं लागत नाही. उंची तीच, नदी तीच, फक्त बघणारा नाही. मुलगी म्हणते, ही उडी आहे. मला ती उडी वाटत नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांचा त्या उंचीत वाटा कधी नव्हताच.

आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, दोन प्रश्न वेगळे ठेवले. यथार्थ अनुभव कोणता? 'तद्वति तत्प्रकारकः', म्हणजे वस्तू जशी आहे तशीच जाणणारा. तो यथार्थ आहे हे कळतं कसं? परतः, म्हणजे बाहेरून. लांब पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही म्हणून पहिला पुसला जात नाही. डमेटच्या मांडणीत हे दोन एकमेकांत मिसळतात, असं माझं मत आहे.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगतो. लेण्यात उषवदाताचं नाव आहे. छिन्नी चालवणाऱ्यांची नावं त्या लेखात नाहीत. खोदताना त्यांतला कोणी दगडाखाली सापडून मेला असेल, किंवा नसेल. सत्य पुराव्यापाशी संपत असेल, तर ज्याच्यापाशी लेख कोरून घ्यायला पैसा होता त्याच्याबद्दल सत्य भरपूर आणि त्या पाथरवटांबद्दल जवळपास नाहीच. हे मला मान्य होणार नाही. मुलगी दुरुस्त करते: डमेट 'काही घडलंच नाही' असं म्हणत नाही, 'असेल किंवा नसेल' एवढं म्हणायचाही आपल्याला हक्क नाही, असं म्हणतो. बरोबर आहे. पण माझ्या मते तो हक्क आपण द्यायचा नसतोच. त्या माणसाचं जे झालं ते झालं, आणि त्यानेच ते विधान ठरवलं.

उतारवयात डमेटनेही आपली भूमिका थोडी सैल केली. त्या वेळी योग्य जागी असलेल्या कोणाला जे पडताळता आलं असतं, ते भूतकाळाबद्दलचं सत्य मानायला तो तयार झाला. मुलीला वाटतं, यात त्याने काहीच गमावलं नाही. मी तिला विचारलं, मोजणाऱ्याला आकडा सापडला असता, तर तो मोजायच्या आधी तिथे नव्हता का? ती त्यावर अजून वाचतेय.