नव्या माशांची विलगीकरण टाकी: औषधाआधी निरीक्षण

नवे मासे घरी आणले की ते लगेच मुख्य टाकीत सोडण्याचा मोह कितीही अनावर झाला, तरी आधी काही आठवडे त्यांना वेगळ्या टाकीत ठेवावे, हे बहुतेक मत्स्यपालकांना ठाऊक असते. मात्र या विलगीकरण टाकीकडे अनेकजण औषधोपचाराची टाकी म्हणून पाहतात, आणि मासे पोहोचताच त्यांच्यावर दोन-तीन औषधांचा मारा सुरू होतो. मला हे पटत नाही. पकडणे, पिशवीत भरणे आणि प्रवास यांनी थकलेल्या माशाला सर्वांत आधी स्वच्छ पाणी, अंधूक प्रकाश आणि शांतता हवी असते. ही टाकी मुळात निरीक्षणाची आणि विश्रांतीची जागा आहे. औषधाची वेळ त्यानंतर येते, आणि पुष्कळदा येतही नाही.

लहान माशांसाठी ४० ते ६० लिटरची साधी काचेची टाकी पुरते. तळाला वाळू किंवा खडे घालू नयेत. तळ मोकळा असला की उरलेले खाद्य आणि विष्ठा स्पष्ट दिसते, सायफनने, म्हणजे तळाचा गाळ पाण्यासह ओढून घेणाऱ्या नळीने, ती लगेच काढता येते, आणि परजीवींना दडून बसायला जागा राहत नाही. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवावेत आणि मागच्या व बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावावा. थर्मोस्टॅट असलेला हीटर, थर्मामीटर आणि घट्ट झाकण हवेच, कारण बिथरलेला मासा उडी मारतो.

खरी कसोटी लागते ती फिल्टरची. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी असतात, आणि नव्याने भरलेल्या टाकीत हे जिवाणू नसतातच. म्हणून मुख्य टाकीत एक जादा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवावा, म्हणजे त्याच्या स्पंजात हे जिवाणू वस्ती करतात, आणि नवे मासे येतील त्या दिवशी तो उचलून विलगीकरण टाकीत लावावा. तो नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, कारण त्यातल्या क्लोरीनने हेच जिवाणू मरतात. असा मुरलेला स्पंज हाताशी नसेल, तर अमोनियाची चाचणी रोज करावी आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे.

पिशवी उघडण्याच्या क्षणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. लांबच्या प्रवासात माशांच्या श्वसनामुळे पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होते. त्या आम्लतेमुळे साचलेला अमोनिया बव्हंशी अमोनियमच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निसटतो, पीएच चढू लागतो, आणि तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनियात बदलतो. त्यामुळे उघडलेल्या पिशवीत तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसणे अशा वेळी माशांच्या जिवावर बेतू शकते. बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे, मग मासे अलगद जाळीत घेऊन टाकीत सोडावेत, आणि पिशवीतले पाणी टाकून द्यावे.

विलगीकरण किमान चार आठवड्यांचे असावे, या मतावर मी ठाम आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घ्या. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, पूर्ण वाढ झाली की गळून तळाशी जातो, तिथे कवचात त्याची शेकडो पिल्ले तयार होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधू लागतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेत. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते, थंड पाण्यात ते बरेच लांबते. शिवाय सुरुवातीला परजीवी फक्त कल्ल्यांत असेल, तर अंगावर एकही ठिपका दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मासे ठणठणीत दिसले म्हणून त्यांना मुख्य टाकीत हलवणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. मध्येच आणखी एखादा मासा या टाकीत टाकला, तर दिवसांची मोजणी सर्वांसाठी पुन्हा पहिल्यापासून करावी.

रोज खाद्य देताना पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. कल्ल्यांची उघडझाप वेगाने होते का, पर अंगाला चिकटवलेले आहेत का, मासा पाइपला अंग घासतो का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे का, हे नजरेत भरले पाहिजे. खोलीतला दिवा मालवून टॉर्चचा तिरका झोत माशाच्या अंगावर टाकला, तर भर उजेडात न दिसणारी बारीक सोनेरी भुकटी दिसू शकते. ती व्हेल्व्हेट रोगाची खूण असते. गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत समजावेत, आणि त्यांवर लेव्हामिसोलसारखे जंतनाशकच लागते.

लक्षण दिसले की त्यालाच लागू पडणारे औषध पूर्ण मुदत द्यावे. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो आधी काढावा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. तांबे असलेली औषधे कोळंबी आणि गोगलगाईंना मारक असतात, त्यामुळे ती मुख्य टाकीऐवजी इथेच वापरता येणे हा या टाकीचा मोठा फायदा आहे.

जाळी, सायफन आणि बादली या टाकीसाठी स्वतंत्र ठेवावी, आणि रोजची कामे आधी मुख्य टाकीची, मग हिची, याच क्रमाने करावीत. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण मायकोबॅक्टेरियम मरिनम हा माशांचा जिवाणू माणसाच्या त्वचेलाही संसर्ग करतो.

शेवटच्या आठवड्यात पाणी बदलताना मुख्य टाकीतले पाणी घालत जावे, म्हणजे माशांना स्थलांतर जड जात नाही. मासे हलवल्यावर टाकी रिकामी करून पूर्ण वाळवावी. या काळात आजार उद्भवला असेल, तर स्पंज टाकून द्यावा. काहीच उद्भवले नसेल, तर तो मुख्य टाकीत परत लावावा, म्हणजे त्यातले जिवाणू जगतात आणि पुढच्या माशांसाठी स्पंज तयार राहतो.