जकार्डचा जुना पीसी, नोंद ३: विंडोज कुठली ते डोंगल ठरवतो

मशीन: एच६१ चिपसेटचा बोर्ड, कोअर आय३-२१२०, ४ जीबी डीडीआर३, २४० जीबी एसएसडी. काम एकच. चादर-टॉवेलची जकार्ड (मागावर विणूनच नक्षी उठवायची पद्धत) डिझाइनं काढणारं विंडोज ९८च्या काळातलं सॉफ्टवेअर पुन्हा चालतं करायचं. प्रिंटर पोर्टला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची चावी असलेला छोटा तुकडा, लावल्याशिवाय ते उघडत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत अशा फायली वर्षानुवर्षं साठलेल्या असतात. सॉफ्टवेअर बंद पडलं की त्या फायली असून नसल्यासारख्या, म्हणून एवढी खटपट.

आधी ६४-बिट विंडोज १० वर प्रयत्न झाला. सेटअपच सुरू होईना. प्रोग्रॅम ३२-बिट होता, पण त्याचा सेटअप १६-बिट, आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही. मग बसवलेलं फोल्डर जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं आणलं. प्रोग्रॅम उघडला, पण ‘डोंगल सापडत नाही’ म्हणून लगेच बंद.

खरी गाठ इथे आहे. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर बहुतेकदा चालतो, त्यासाठी वेगळा थर दिलेला आहे. ड्रायव्हरला (हार्डवेअर विंडोजशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) तशी सवलत नाही. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो, म्हणून ६४-बिटच लागतो आणि त्यावर डिजिटल सहीही लागते. या डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर कधी निघालाच नाही. पीसीतला बोर्ड एकाचा, कार्ड दुसऱ्याचं, प्रोग्रॅम तिसऱ्याचा. प्रत्येकाचा पाठिंबा वेगवेगळ्या वर्षी संपतो आणि पहिला बळी बहुधा ड्रायव्हरचा जातो. ‘सॉफ्टवेअर जुनं झालं’ हे निदान पुष्कळदा चुकीचं असतं. जो भाग बदलताच येत नाही तो आधी शोधावा आणि बाकी सगळं त्याच्या मापाने निवडावं. इथे तो भाग डोंगल.

म्हणून ३२-बिट विंडोज ७, सर्व्हिस पॅक १ सह. एक्सपीही चालली असती, पण तिला एसएसडीसाठीचं ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) माहीत नाही आणि एएचसीआय या डिस्क जोडण्याच्या नव्या मोडचा ड्रायव्हर इन्स्टॉलच्या वेळीच वेगळा द्यावा लागतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआय करायचा तो विंडोज टाकण्याआधी. नंतर बदलला तर ७बी कोडचा निळा पडदा येऊ शकतो. रॅम ४ जीबीच ठेवली. ३२-बिट विंडोज ७ त्यापुढची वापरत नाही, आणि त्यातलाही काही पत्ता-भाग ग्राफिक्स व इतर हार्डवेअर घेतात.

पोर्टवर सगळ्यात जास्त वेळ गेला. यूएसबीला लावायची प्रिंटर केबल घेऊ नका. तिच्यातून प्रिंटर छापेल, डोंगल ओळखला जाणार नाही. जुना ड्रायव्हर ३७८ हेक्स या ठरलेल्या पत्त्यावर थेट वाचतो-लिहितो आणि यूएसबी केबल तो पत्ता पुरवतच नाही. पीसीआय एक्सप्रेस कार्डावरही पत्ता बहुधा वेगळाच पडतो. या बोर्डावर एलपीटीचा (प्रिंटर पोर्टचा) हेडर, म्हणजे केबल लावायच्या पिनांची रांग, आहे. त्याला रिबन केबलचं २५ पिनांचं ब्रॅकेट लावलं. लाल कडा पिन १ कडेच हवी. बायोसमध्ये पत्ता ३७८, आयआरक्यू (पोर्टचा इशारा क्रमांक) ७. पोर्टच्या ईसीपी या वेगवान मोडमध्ये डोंगल कधी दिसे, कधी नाही. एसपीपी हा साधा मोड केल्यावर स्थिर झाला.

मग सॉफ्टवेअर उघडलं, पण सेव्ह केलेली डिझाइनं एक्सप्लोररमध्ये दिसेनात. फायली हरवल्या नव्हत्या. जुना प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहायला जातो. व्हिस्टापासून तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही, म्हणून विंडोज त्या फायली गुपचूप युजरच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरमध्ये वळवते. सॉफ्टवेअर काढून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये टाकलं की प्रश्न मिटतो. सारखं ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करत बसणं हा उपाय नव्हे.

बायोसची सीआर२०३२ बॅटरी २.६ व्होल्ट दाखवत होती, ती बदलली. बॅटरी पार उतरली की तारीख मागे जाते, शिवाय बायोसची सेटिंग मूळपदावर येऊन डोंगल पुन्हा गायब होऊ शकतो. सोलापूरचा मे महिना लक्षात घेऊन प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्टही नवी लावली.

विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला आहे. त्यामुळे या मशीनला नेटची वायर लावायची नाही. डिझाइन पेनड्राइव्हने न्यायचं, आणि इंडेक्स्ड बीएमपीमध्येच, म्हणजे मोजक्या ठरलेल्या रंगांच्या चित्र-फाइलमध्ये. जेपीजी केलं की कडांना शेकडो मधले रंग तयार होतात. जिथे एक रंग म्हणजे एक वीण, तिथे ती फाइल मागाच्या कामाची राहत नाही.

बाकी: एसएसडीची पूर्ण इमेज काढून दुसऱ्या डिस्कवर उतरवून बघणं, आणि डोंगल लावलेला ठेवून सलग आठ तास चालवणं.